'लार्माता ब्रांकालेओने'चा संग्रह कसा करावा: 1966 च्या इटालियन विनोदपटाची पोस्टरं, डिस्क आणि रेकॉर्ड

आपल्याकडे इटालियन सिनेमा म्हटलं की दे सिका, फेलिनी, अँतोनिओनी ही नावं आधी येतात. विनोदपटांचा नंबर लागतच नाही. त्यामुळे दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्लीचा 'लार्माता ब्रांकालेओने', म्हणजे 'ब्रांकालेओनेची फौज', इटलीत घरोघरी माहीत असूनही इथल्या कट्टर सिनेमावेड्यांच्याही यादीत सहसा नसतो. माझ्या मते मध्ययुगावरचा याच्याइतका जिवंत विनोदपट दुसरा नाही. संग्राहकासाठी तर तो खजिनाच आहे, कारण त्याचा कागद, म्हणजे पोस्टरं आणि छापील फोटो, अजून बाजारात मिळतो आणि त्या कागदाकडे बघत राहावं असं त्यात बरंच काही आहे.

गोष्ट साधी आहे. अकराव्या शतकाच्या आसपासचा इटली. काही भुरटे एका सरदाराला लुटतात. लुटीत त्यांना एक चर्मपत्र सापडतं, दक्षिणेतल्या आउरोकास्त्रो नावाच्या जहागिरीची सनद. ती वसूल करायला नावापुरता का होईना, एक सरदार हवा. म्हणून ते फाटक्या, पण ऐट न सोडणाऱ्या ब्रांकालेओनेला गाठतात. मग हा, त्याचा आक्विलान्ते नावाचा पिवळा घोडा आणि हे टोळकं दक्षिणेकडे निघतं. सनदेचा एक तुकडा फाटलेला आहे आणि नेमकी अडचण त्या तुकड्यात लिहिलेली आहे. याहून जास्त सांगत नाही.

तो जगभर का पोचला नाही? कारण त्याची भाषा. आजे आणि स्कार्पेल्ली या जोडीने मोनिचेल्लीबरोबर पटकथा लिहिताना पात्रांसाठी एक नवीच बोली घडवली. त्यात अर्धवट लॅटिन आहे, जुनी इटालियन आहे, गावठी बोली आहेत. लीळाचरित्रातली मराठी, भटजींचं संस्कृत आणि बाजारातली हिंदी एका भांड्यात ढवळावी, तसा प्रकार. डबिंग केलं की त्यातली निम्मी गंमत जाते. 1966 च्या कान महोत्सवात तो स्पर्धेत होता, पण इंग्रजी मुलखात 'फॉर लव्ह अँड गोल्ड' असं गुळगुळीत नाव घेऊन गेला आणि मागे पडला.

पहिली पायरी: आधी सिनेमा नीट बघा

वस्तू घ्यायची घाई करू नका. सिनेमा मूळ इटालियन आवाजात, सबटायटल लावून, दोनदा बघा. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि कुठल्या प्रसंगात कोण आहे, कुणी काय घातलंय, मागे कुठली जागा दिसते ते टिपा. पुढे एखादा विक्रेता तुम्हाला एकच फोटो दाखवून 'हा त्याच सिनेमाचा' म्हणेल, तेव्हा ही वही कामी येईल.

सुरुवातीची श्रेयनामावली अजिबात पुढे ढकलू नका. ती ॲनिमेशनमध्ये आहे आणि एमानुएले लुत्सातीच्या हातची आहे. लुत्साती जेनोआचा चित्रकार, नेपथ्यकार. जूलिओ जानिनीबरोबर केलेल्या ॲनिमेशनपटांसाठी त्याला दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालं. कापून चिकटवल्यासारख्या आकृत्या, भडक रंग आणि त्यावर कार्लो रुस्तिकेल्लीच्या संगीतातलं 'ब्रांका, ब्रांका, ब्रांका, लेओन, लेओन, लेओन' हे चालत्या फौजेचं गाणं. एवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी लोक या सिनेमाच्या प्रेमात पडलेले आहेत.

दुसरी पायरी: मागणी कुठून येते ते ओळखा

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. या सिनेमाच्या वस्तूंना गिऱ्हाईक एका बाजूने येत नाही, निदान चार बाजूंनी येतं. म्हणून त्याच सिनेमाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या किमतीत मोठा फरक पडतो.

नायक विट्टोरिओ गास्मन हा रंगभूमीवरचा गंभीर नट. मोनिचेल्लीनेच 1958 मध्ये त्याला विनोदी भूमिकेत आणलं. इटालियन गिऱ्हाइकाला तो हवा असतो. टोळक्यात सामील होणारा बायझंटाइन खानदानातला तेओफिलात्तो झालाय जान मारिया वोलोन्ते. सेर्जिओ लिओनेच्या पहिल्या दोन वेस्टर्नमधला, म्हणजे काउबॉयपटांमधला, खलनायक तो हाच. त्यामुळे वेस्टर्नची पोस्टरं जमवणारे, मध्ययुगाशी काडीचा संबंध नसलेले लोकही या सिनेमाचा वोलोन्ते शोधत असतात. त्याच बायझंटाइन घरातली तेओदोरा साकारलीय बार्बरा स्टीलने. साठच्या दशकातल्या इटालियन भयपटांची ती राणी आणि भयपटवाले संग्राहक तर फारच चिवट असतात. तिचं चित्र असलेला कागद वेगळ्या भावाने जातो.

चौथी बाजू कलावाल्यांची. वेशभूषा आणि नेपथ्य पिएरो गेरार्दीचं. फेलिनीच्या दोन सिनेमांच्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. छायाचित्रण कार्लो दी पाल्माचं. इटालियन पत्रकारांच्या 'नास्त्री द'आर्जेंतो' पुरस्कारांत या सिनेमाच्या वेशभूषेला, छायाचित्रणाला आणि संगीताला दाद मिळाली. गेरार्दीने मध्ययुग संग्रहालयातून उचललेलं नाही. त्याची शिरस्त्राणं, झूल, चिंध्या मुद्दाम अंमळ वाढवलेल्या आहेत आणि ते स्थिरचित्रात सिनेमापेक्षाही जास्त कळतं. गेरार्दी नीट बघायचा असेल तर चांगलं छापलेलं प्रसंगचित्र हातात घ्यावं.

आता तुम्हाला यातलं काय हवंय ते ठरवा. सगळंच हवं असेल तर पैसे आणि जागा दोन्ही लवकर संपतील.

तिसरी पायरी: इटालियन कागदाचे प्रकार समजून घ्या

आपण सरसकट 'पोस्टर' म्हणतो, पण इटलीत त्याचे आकारावरून प्रकार पडतात आणि विक्रेते तीच नावं वापरतात.

'लोकान्दीना' म्हणजे उभी, चिंचोळी पट्टी, साधारण 33 बाय 70 सेंटिमीटर. दुकानात, कॅफेत लावायची. पुष्कळ लोकान्दीनांवर थिएटरचं नाव आणि तारीख लिहायला मोकळी जागा असते. तिथे जुना शिक्का किंवा शाईची अक्षरं दिसली तर ती वस्तू खरोखर वापरात होती याची खूण समजा. मला अशी वापरलेली लोकान्दीना कोऱ्यापेक्षा जास्त आवडते.

'दुए फोल्यी', म्हणजे दोन तावांचं पोस्टर, 100 बाय 140 सेंटिमीटरचं. 'क्वात्रो फोल्यी' त्याच्या दुप्पट, 140 बाय 200. हे भिंतीवर डकवायचे, त्यामुळे शिल्लक कमी राहिले आणि महाग असतात. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये चार तावांचं पोस्टर लावायला भिंत आहे का, हे आधी टेप घेऊन मोजा.

'फोटोबूस्ता' ही इटालियन खासियत. थिएटरच्या दर्शनी भागात लावायच्या आडव्या छापील तसबिरी, साधारण 50 बाय 70 सेंटिमीटर किंवा थोड्या कमी. प्रसंगाचा फोटो आणि बाजूला सिनेमाचं नाव. आपल्याकडे थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत फोटो लागायचे, त्याच कामाच्या, पण चांगल्या मोठ्या. त्यांचा संच असतो आणि संचातला प्रत्येक फोटो वेगळा. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. एकेक सुटा मिळतो, तुलनेने स्वस्त पडतो आणि घरात मावतो.

हा सिनेमा इटली, फ्रान्स आणि स्पेन यांची सहनिर्मिती होता. तेव्हा फ्रेंच 'लार्मे ब्रांकालेओन' आणि स्पॅनिश 'ला आर्मादा ब्रांकालेओने' या नावांनीही शोधा. फ्रेंच मोठं पोस्टर 120 बाय 160 सेंटिमीटरचं असतं. ब्राझीलमध्ये नावाला 'अविश्वसनीय' हे विशेषण जोडून तो लागला होता, तिथलाही कागद अधूनमधून निघतो. इटलीत भाव चढलेले वाटले तर या तीन देशांकडे वळा.

चौथी पायरी: शोध

ईबेच्या इटालियन शाखेवर किंवा लिलावाच्या साइटवर फक्त सिनेमाचं नाव टाकलंत तर भलताच ढीग पुढ्यात येईल. कारण इटालियनमध्ये 'ब्रांकालेओनेची फौज' हा कुठल्याही विस्कळीत टोळक्यासाठी रूढ शब्दप्रयोग झालाय. राजकारणावरची पुस्तकं, फुटबॉलच्या चाहत्यांचे टी-शर्ट, सगळं येतं. म्हणून नावाबरोबर 'मोनिचेल्ली', '1966' आणि वस्तूचा प्रकार, म्हणजे 'लोकान्दीना' किंवा 'फोटोबूस्ता', एवढे तिन्ही शब्द रोमन लिपीत टाका. गास्मनच्या आणि स्टीलच्या नावानेही वेगळा शोध घ्या. भयपटवाल्या विक्रेत्यांनी तीच वस्तू सिनेमाचं नाव चुकीचं लिहून ठेवलेली असते.

वर्णनातले काही शब्द ओळखीचे करून घ्या. 'प्रिमा एदित्सिओने' म्हणजे पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं. 'रिएदित्सिओने' म्हणजे नंतर सिनेमा पुन्हा लागला तेव्हा छापलेलं. तेही खरंच, फक्त नंतरचं. 'रिस्ताम्पा' म्हणजे पुनर्मुद्रण, त्याला संग्राहकाच्या दृष्टीने किंमत नाही. 'तेलातो' म्हणजे कापडावर चढवलेलं. विक्रेत्याला मोडक्या इटालियनमध्ये दोन ओळी लिहिल्यात तर उत्तरं जास्त मोकळी येतात. भाषांतराचं ॲप वापरा, पण वाक्यं छोटी ठेवा.

एक घोळ कायम होतो. 1970 मध्ये मोनिचेल्लीनेच याचा पुढचा भाग काढला, 'ब्रांकालेओने आल्ले क्रोचाते', धर्मयुद्धावर निघालेला ब्रांकालेओने. गास्मन तोच, अवतारही जवळपास तोच, त्यामुळे दुसऱ्या भागाचे फोटोबूस्ता पहिल्याचे म्हणून विकायला येतात. फोटोत स्तेफानिया सान्द्रेल्ली, आदोल्फो चेली किंवा पाओलो विल्लाज्जो दिसला तर तो दुसरा भाग. वोलोन्ते, स्टील, काटरीन स्पाक किंवा संन्यासी झालेला एन्रिको मारिया सालेर्नो दिसला तर पहिला. दुसरा भाग कमी प्रतीचा आहे असं नाही, पण पहिल्याचा भाव देऊन तो घेऊ नका.

पाचवी पायरी: खरं की नक्कल, हे तपासणं

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा. एक पुढून पूर्ण, एक मागून पूर्ण आणि एक खालच्या पट्टीचा अगदी जवळून. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. इटालियन पोस्टरच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि गाव असतं, कधी वर्षही असतं. छापखान्याच्या पत्त्यात पाच आकडी पिनकोड दिसला तर सावध व्हा. इटलीत हे पाच आकडी टपाल क्रमांक 1967 मध्ये सुरू झाले. तो आकडा असेल तर तो कागद 1966 च्या पहिल्या प्रदर्शनाचा असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. आकडा नाही एवढ्यावरून मात्र ते जुनंच आहे असं सिद्ध होत नाही. वितरकाचं नावही बघा. पहिल्या वेळचा वितरक तितानुस होता. दुसरंच नाव असेल तर नंतरच्या प्रदर्शनाचा कागद असण्याची शक्यता धरा.

मागच्या फोटोवरून घड्या कळतात. त्या काळी मोठी पोस्टरं घडी घालूनच थिएटरला जायची. साठ वर्षांच्या मोठ्या पोस्टरला एकही घडी नसेल तर प्रश्न विचारा. घडीच्या रेषेवर शाई थोडी उडालेली असणं स्वाभाविक आहे. घडी छापलेली असेल, म्हणजे रेष दिसते पण कागद सपाट आहे, तर ती जुन्या पोस्टरचं स्कॅन करून काढलेली प्रत.

वस्तू हातात आली की दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजीकडे असतं तसं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक अंतराने, छोट्या फुलासारखे मांडलेले दिसतात. घरगुती किंवा दुकानातल्या इंकजेटवर रंग फवारल्यासारखा, विस्कळीत दिसतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा नवा, पण कागद उजळवणारी रसायनं पन्नासच्या दशकापासून वापरात आहेत, म्हणून केवळ त्यावरून निकाल देऊ नका.

ऊन लागलेल्या छपाईतला पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. ज्या रंगीत फोटोबूस्तात आक्विलान्ते आहे, तिथे घोडा अजून पिवळाधमक आहे की राखी झालाय एवढं बघितलं तरी तो कागद आयुष्यभर कुठे होता ते कळतं.

सहावी पायरी: डिस्क आणि रेकॉर्ड

डिस्क घेताना तीन गोष्टी बघायच्या. इटलीची डीव्हीडी विभाग 2 ची असते, भारताची विभाग 5 ची. ब्लू-रेला इटली 'बी' तर भारत 'सी'. तुमचा प्लेअर सगळे विभाग चालवतो का, ते आधी पाहा. दुसरं, सबटायटल. इटालियन डिस्कवर बऱ्याचदा फक्त कर्णबधिरांसाठीची इटालियन सबटायटल असतात, इंग्रजी नसतातच. मागच्या कव्हरचा फोटो मागवून 'सोत्तोतीतोली' या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. तिसरं, लांबी. युरोपातली 'पाल' या तिथल्या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी चालवते, म्हणून दोन तासांचा सिनेमा सुमारे 115 मिनिटांत संपतो. कव्हरवर कमी मिनिटं दिसली म्हणून लगेच कापलेला समजू नका. त्याहूनही कमी असतील तेव्हाच शंका घ्या.

रुस्तिकेल्लीच्या संगीताची जुनी तबकडी मिळाली तर तिच्या मधल्या कागदी लेबलाभोवतीचा, खाचा नसलेला पट्टा तिरक्या उजेडात धरा. इटालियन तबकड्यांवर तिथे पुष्कळदा क्रमांकाबरोबर तारीखही कोरलेली सापडते. कव्हरवर काहीही छापलेलं असो, ती तारीख बघा.

सातवी पायरी: मागवणं

विक्रेत्याला स्पष्ट सांगा की घडी असलेलं पोस्टर घडीतच, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधे पाठव. सपाट कागद नळीतून येणार असेल तर नळी जाड पुठ्ठ्याची आणि रुंद हवी, आत प्लॅस्टिकचं वेष्टन हवं. जून ते सप्टेंबर शक्यतो मागवू नका. टपालाच्या गोदामात ओल लागते. पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं. खरी किंमत असलेलं बिल बाहेरच्या बाजूला चिकटवायला सांगा. किंमत कमी दाखवायची विनंती करू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्याची मिळते.

आठवी पायरी: आपल्या हवेत कागद जपणं

इटलीच्या कोरड्या माळ्यावर साठ वर्षं टिकलेला कागद कोकणात किंवा गोव्यात दोन पावसाळ्यांत बुरशी धरू शकतो. म्हणून ही पायरी टाळण्यासारखी नाही.

लॅमिनेशन करू नका. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस कितीही आग्रह करो, नाही म्हणा. एकदा केलं की ते काढता येत नाही आणि पोस्टरची किंमत शून्य होते. सेलोटेपही नको. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. फाटलं असेल तर जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरणारा जाणकार शोधा. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. बाइंडरकडचा पांढरा सिंथेटिक डिंक सुटत नाही.

पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, आडवं ठेवा. पीव्हीसीची पाकिटं घामट होतात आणि शाई त्यांना चिकटते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत घाम धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी सुकवा किंवा बदला, नाहीतर त्यांचा काही उपयोग नाही. डांबर गोळ्या कागदाला लागू देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळं बाहेर काढून, उन्हात नव्हे, सावलीत वारं द्या आणि कसर लागलीय का ते कडेने बघा. फ्रेम करायची तर काच कागदाला टेकता कामा नये, मधे पट्टी घाला.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आपल्या सिनेमांची पोस्टरं, फोटो, गाण्यांच्या पुस्तिका जपल्या जातात. तिथे काही बघायची संधी मिळाली तर नजर चित्राकडे जाईलच, पण तो कागद कशात ठेवलाय तेही बघून घ्या.

नववी पायरी: नोंद आणि अदलाबदल

प्रत्येक वस्तूची एक ओळ लिहून ठेवा: प्रकार, माप, खालच्या पट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा, कुठे फाटलंय, कुणाकडून घेतलं, कितीला. मागचा-पुढचा फोटो त्याच नावाने साठवा.

आणि मग त्या चार बाजूंचा फायदा घ्या. संच जमवताना काही फोटो दोनदा येतात. तुमच्याकडे बार्बरा स्टीलचा जास्तीचा फोटोबूस्ता असेल तर तो इटालियन विनोदपटवाल्याला विकू नका. भयपटवाल्याला दाखवा, तो बदल्यात गास्मनचे दोन देईल. वोलोन्तेचा असेल तर वेस्टर्नवाल्याकडे जा. लुत्सातीच्या चित्रशैलीचं काही हाती लागलं तर मात्र ते कुणालाच देऊ नका.